नदीप्रवास आणि वयाची अट

नदीवरील दीर्घ जलसफर ही उतारवयातली चैन आहे, असा समज आता आपल्याकडेही रुजू लागला आहे. त्याला आधार नाही असे नाही. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेल्या ‘गंगाविलास’ नौकेचा बांगलादेशमार्गे दिब्रुगडपर्यंतचा प्रवास सुमारे ३,२०० किलोमीटरांचा, मुदत ५१ दिवसांची. शेती, नोकरी वा लेकरांच्या शाळा सांभाळून इतके दिवस कोणाला काढता येतील? शिवाय नौकेत राहती खोलीच प्रवाशाबरोबर चालते. रोज सामान बांधणे नाही, गाडी बदलणे नाही. (खर्चाचा विचार येथे बाजूला ठेवू, तो सर्वच वयांना छळतो.)

ही सोय मात्र नौकेपुरती. तीर्थ पाहायचे तर काठावर उतरावे लागते, आणि काशीच्या घाटांच्या पायऱ्या जन्मतारीख विचारत नाहीत, गुडघे विचारतात. शेतात राबलेला पंचाहत्तरीचा माणूस त्या चढून जाईल. बैठ्या कामाचा पन्नाशीतला गृहस्थ मध्येच टेकेल. तेव्हा चाल कशी आहे, औषधे कोणती, दवाखाना किती दूर राहील, हे पाहावे. इथवर प्रश्न व्यवहाराचा आहे.

हे पाहायचे कोणी, हा नीतीचा प्रश्न. आपल्या घरांतून तो निर्णय बहुधा मुले घेतात. “बाबा, आता तुमचं वय झालं,” या वाक्यात माया असते, तशी आपली धावपळ वाचवण्याची इच्छाही असते. ज्याने पन्नास वर्षे जमीन, कर्ज आणि लग्नकार्ये यांचे निर्णय घेतले, त्याचा स्वतःच्या देहाविषयीचा अधिकार एका वाढदिवसाला संपतो, हे मला पटत नाही. अर्थात परमुलखात तो आजारी पडला तर धावायचे मुलांनाच. म्हणून त्यांना विश्वासात घेणे हे वडीलधाऱ्यांचेही कर्तव्य ठरते. विश्वासात घेणे आणि परवानगी मागणे यांत अंतर आहे, एवढेच.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते तिशीच्या सुमारास, द्रव्य मिळवण्यासाठी. बंडाच्या धामधुमीत मिळकत लुटली गेली, तरी गंगेची कावड त्यांनी घरी आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. वृद्धांसाठी नदीच घरी आणण्याचा हा पुत्रधर्म त्या काळी थोर होता. आज आगगाडी आहे, विमान आहे. तरीही आपण गंगाजलाचा गडू देव्हाऱ्यात ठेवून तेवढ्यावर समाधान मानतो, याचे मात्र नवल वाटते.

गंगा दूर राहिली, तर म्हादई आपलीच आहे. खानापूर तालुक्यात उगम पावून ती पणजीस मांडवी या नावाने पोहोचते, आणि तेथे संध्याकाळी तासाभराच्या नौकासफरी निघतात. लांबच्या प्रवासाचा बेत ठरवण्यापूर्वी तेथे जाऊन यावे. धक्क्यावरून नौकेत पाऊल टाकताना आणि डोलत्या फळीवर तासभर बसताना देह काय सांगतो, ते ज्याचे त्याला तिथेच उमगते.