पहिलेपणाचं ऋण

२४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी काम थांबवलं. नोकरीतलं आणि घरातलंही. वडिलांना मुलं घेऊन कचेरीत जावं लागलं. सव्वादोन लाखांच्या आतबाहेर वस्तीचा तो देश, आणि राजधानी रेक्याविकमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास स्त्रिया एकत्र आल्या. त्यांत एका नाट्यसंस्थेच्या संचालिका आपल्या आईला आणि लहानग्या मुलीला घेऊन उभ्या होत्या. त्यांचं नाव विग्दीस फिनबोगादोत्तिर.

१९८० मध्ये याच विग्दीस जनतेच्या मतांवर निवडून आलेल्या जगातल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या घटस्फोटित होत्या, एकटीने मुलगी दत्तक घेतलेली होती, स्तनाच्या कर्करोगातून उठल्या होत्या. यातलं काहीच त्यांनी लपवलं नाही. निवडणूक लढवावी की नाही, हा विचार मनात घोळत असताना समुद्रावरच्या एका मासेमारी जहाजातून खलाशांची आग्रहाची तार आली. तीन पुरुष उमेदवारांसमोर त्यांना जेमतेम एक तृतीयांश मतं मिळाली आणि त्या निसटत्या जिंकल्या. पुढे मात्र सलग सोळा वर्षं लोकांनी त्यांना त्या पदावर ठेवलं.

१९७५ चा तो दिवस उगवला नसता तर आपण राष्ट्राध्यक्ष झालो नसतो, असं त्यांनी वेळोवेळी सांगितलं. यश पदरात पडल्यावर ते एकट्याच्या कर्तृत्वाचं म्हणून मिरवण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. विग्दीस यांनी ऋणाचा उच्चार केला, हे मला त्यांच्या पदाहून मोठं वाटतं.

पण ऋण मान्य करणं वेगळं आणि फेडणं वेगळं. १९८५ मध्ये हवाई सुंदरींचा संप मोडणारा कायदा त्यांच्या सहीसाठी आला, तोही स्त्रियांच्या त्या आंदोलनाला दहा वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी. सही नाकारून कायदा जनमतासाठी पाठवण्याचा अधिकार त्यांना होता. तोवर कुठल्याही राष्ट्राध्यक्षाने तो वापरला नव्हता. त्यांनी काही तास सही रोखली. एका मंत्र्याने राजीनाम्याची भाषा केली. शेवटी त्यांनी सही केली.

संसदेचा मान राखणं हेही कर्तव्यच. म्हणून त्यांना दोषी ठरवायला मन धजत नाही. तरी संपावरच्या स्त्रियांच्या हाती त्या दिवशी काहीच लागलं नाही, हेही तितकंच खरं. आपल्यातलं माणूस वर गेलं की आपले प्रश्न आपोआप सुटतील, ही आशा भाबडी आहे. पदावरच्या माणसाला पदाचीही बंधनं असतात. खाली उभ्या असलेल्यांनी आग्रह सोडला, तर त्या बंधनांचंच पारडं जड होतं.

म्हणून एखादी स्त्री पहिल्यांदा एखाद्या पदावर पोचली, तर तिचा सत्कार जरूर करा. पण दुसऱ्या दिवशी आपले प्रश्न घेऊन तिच्या दारात जा. तिथे उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा एकत्र या.