लिलावातील मशीद

चांदणी चौकाच्या पश्चिम टोकाला, खारी बावलीतील मसाल्यांचा दर्प जेथे नाकाला झोंबू लागतो, तेथे शहाजहानच्या फतेहपुरी बेगमेने १६५० साली बांधविलेली मशीद उभी आहे. तांबड्या दगडाची, एकाच घुमटाची. जामा मशिदीचे वैभव तिला नाही. म्हणून दिल्लीत बदलून आलेला आपला माणूस सहसा तिच्यावरून तसाच पुढे जातो. वास्तविक थांबावे ते येथेच.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने अकबराबादी मशीद जमीनदोस्त केली; ही मात्र लिलावात काढली. चांदणी चौकातील धनाढ्य व्यापारी लाला चुन्नामल यांनी ती १९,००० रुपयांना घेतली व जतन केली. १८७७ मध्ये सरकारने चार गावांच्या मोबदल्यात ती परत घेऊन मुसलमानांच्या स्वाधीन केली.

लिलाव कायदेशीर, खरेदीही कायदेशीर. खरे दुखणे तेच. विकण्याचा नैतिक अधिकार ज्याला नव्हता त्याने विकले, आणि कागद तेवढा निर्दोष राहिला. फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आपल्यासारख्यांना हा चमत्कार अपरिचित नसावा!

चुन्नामल यांचा हेतू उदार होता की हिशेबी, हा शोध मला गौण वाटतो. पुढे चार गावे मिळाली म्हणून मधल्या वर्षांतील जपणुकीचे मोल उतरते काय? पहार चालविण्याचा हक्क पदरी असता ती न उचलणे, हेही कृत्यच होय. मात्र दप्तरात नोंद होते ती खरेदीची, किमतीची आणि गावांची. न उचललेल्या पहारेसाठी तेथे रकानाच नसतो.