कापले, पण भरले का?

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी ‘डबल खाडा’ चालायचा. कामगार एक दिवस आला नाही, तर पगार दोन दिवसांचा कापायचा. कापडात खोट निघाली की ते कापड विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि किंमत पगारातून वळती करायची. १९३६ च्या वेतन कायद्याने या मनमानीला लगाम घातला. खाडा जितका, कपात तितकीच. दंडाची रक्कमसुद्धा मालकाने खिशात न घालता कामगारांच्या हितासाठी खर्चायची.

आता कपात कायदेशीर असते. चोरी होते ती नंतर.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर नेहमीच्या १२ टक्क्यांनी पीएफपोटी १,८०० कापले जातात. मालकाने स्वतःचे तितकेच घालायचे: १,२५० निवृत्तिवेतन योजनेत, उरलेले ५५० निधीत. हा सगळा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हायला हवा. प्रत्यक्षात कित्येकांच्या पगाराच्या स्लिपवर कपात छापलेली असते आणि पासबुकात महिनेच्या महिने काही नसते. विचारले तर कंत्राटदार म्हणतो, “बिल अडकलंय, पुढच्या महिन्यात भरतो.” हिशेबाच्या वहीत याला थकबाकी म्हणतात. फौजदारी कायदा इतका मवाळ नाही. कामगाराचा कापलेला वाटा या कायद्याच्या लेखी मालकाकडे विश्वासाने सोपवलेला पैसा असतो. तो न भरणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. पाकीटमाराला चोप देणारे आपण, या गृहस्थांना मात्र ‘शेठ’ म्हणतो.

मालकाचा वाटाही कामगाराच्याच पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. म्हणून तो नोकरी देतानाच ‘सीटीसी’च्या आकड्यात मुरवतात. पांढरपेशे याला इतके सरावलेत की त्यांना ते खटकतही नाही.

“कामगारच म्हणतात, पीएफ नको, हातात द्या,” हा युक्तिवाद हमखास येतो. खरेच म्हणतात. खोलीचे भाडे द्यायचे असते, गावी पैसे धाडायचे असतात. पण ज्याने आधीच्या ठेकेदाराकडे कापलेले पैसे पुन्हा कधी पाहिलेच नाहीत, त्याने रोख मागावी यात अडाणीपणा कसला? सक्ती हवीच, कारण तंगीत कुणाचीही बचत होत नसते. मात्र सक्तीने घेतलेला पैसा जागेवर पोहोचला की नाही, हे पाहण्याचे ओझे गणवेशातल्या रखवालदारावर टाकणे अन्याय्य आहे. तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी त्याची ड्यूटी बंद.

हे ओझे आपले आहे. सोसायटीच्या सभेत सुरक्षा एजन्सीची तीन दरपत्रके येतात आणि सर्वांत स्वस्त दर टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. किमान वेतन, मालकाचा वाटा, एजन्सीचा नफा यांची बेरीज कुणी करत नाही. केली तर तिथेच कळेल की इतक्या कमी पैशांत पीएफ भरला जाणे शक्यच नाही. “आमचा करार एजन्सीशी, बाकी आम्हाला ठाऊक नाही,” हे उत्तर कायद्यात कदाचित टिकेल. पण वाचलेले पैसे कुणाच्या म्हातारपणातून आले, हे समितीला ठाऊक असते.

एजन्सीचे बिल चुकते करण्याआधी भरणा केल्याचे चलन मागता येते, आणि सोबत नावानिशी यादीही. तिच्यात रात्रपाळीच्या रखवालदाराचे नाव आहे का, जिना झाडणाऱ्या मावशींचे आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. येत्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर होण्याआधी कुणीतरी उठून ती यादी मागावी. खजिनदार रागावतील. रागावू देत.