आता या वयात काय शिकायचे?



साठी-सत्तरी ओलांडलेल्या आईने किंवा वडिलांनी काही नवे शिकायची गोष्ट काढली, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आता या वयात काय शिकायचं? पडलात म्हणजे?’ हे वाक्य मायेपोटी येते. पण ते योग्य आहे का, याचा आपण क्वचितच विचार करतो. आज ‘ताई ची’ या व्यायामप्रकाराच्या निमित्ताने तो विचार करू या.

नाव ऐकून ‘कुणाच्या ताईची गोष्ट?’ असे कोणी विचारील! ही ताई ची चीनमधली. तिचे मूळ हेनान प्रांतातील चेनजियागोऊ या खेड्यातल्या चेन घराण्यात, सतराव्या शतकात शोधले जाते. मुळात ही लढण्याची कला. यांग लुचान (१७९९-१८७२) हे चेन घराण्याकडून ती शिकले आणि त्यांनी ती बीजिंगमध्ये शिकवली. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने सामान्य लोकांसाठी २४ हालचालींचा सोपा क्रम तयार केला. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत ताई चीचा समावेश केला. चीनमधील शहरांच्या बागांत सकाळी आजी-आजोबा एका लयीत, सावकाश हात फिरवताना दिसतात, ती हीच. हालचालींची नावेही गोड आहेत : पांढरा करकोचा पंख पसरतो, ढगांसारखे हात, सोनेरी कोंबडा एका पायावर उभा राहतो.

या संथपणात खरी मेहनत आहे. आपण भरभर चालतो तेव्हा वेगच आपल्याला पुढे नेतो आणि तोल गेलेला कळतही नाही. सावकाश चालताना वेगाचा आधार नसतो. गुडघे किंचित वाकलेले, पाठ ताठ. शरीराचा सगळा भार आधी एका पायावर आणायचा, तो पाय भक्कम झाला की मगच दुसरा उचलायचा. भरलेला पाय आणि रिकामा पाय यांतला फरक ओळखणे, हा ताई चीचा पहिला धडा. म्हातारपणी माणूस पडतो तो अनेकदा हा फरक शरीराला वेळेवर न कळल्यामुळे.

पडणे ही किरकोळ बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वांत मोठे आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सत्तरीच्या पुढच्या ६७० व्यक्तींचा अभ्यास झाला; तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यातले काही जण आदल्या वर्षात पडलेले होते, काहींना चालणे-फिरणे जड जात होते. आठवड्यातून दोनदा, असे २४ आठवडे ज्यांनी ताई ची केली, त्यांचे पडण्याचे प्रमाण केवळ ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ५८ टक्क्यांनी कमी आढळले.

आता आपल्या घरातले ते वाक्य पुन्हा पाहा. एकदा पडलेल्या माणसाच्या मनात भीती बसते. भीतीमुळे तो घरात बसतो. बसून बसून पाय आणखी दुबळे होतात आणि मग तो खाटेवरून उठतानाही पडतो. ‘गप्प एका जागी बसा’ असे सांगणारी माया या फेऱ्यात नकळत भरच घालते. आपल्या माणसाला जपणे म्हणजे त्याला जागच्या जागी ठेवणे नव्हे. काचेच्या कपाटातल्या भांड्याला धक्का लागत नाही हे खरे, पण त्यात कोणी पाणीही पीत नाही.

‘पण आता शिकून उपयोग काय? पूर्ण येईपर्यंत आयुष्य संपेल,’ असे खुद्द ज्येष्ठही म्हणतात. अॅरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने दोन प्रकारच्या कृतींमध्ये भेद केला आहे. घर बांधणे ही एक कृती. छप्पर पडेपर्यंत ती अपुरीच आणि मध्येच थांबली तर श्रम वाया. पाहणे ही दुसऱ्या प्रकारची कृती. ज्या क्षणी आपण पाहतो त्याच क्षणी पाहणे पूर्ण असते, ते पुढच्या कशासाठी ताटकळत नाही. आपण साऱ्या शिकण्याला घरबांधणी समजतो, कारण शाळेपासून आपल्याला परीक्षा आणि नोकरी यांच्यासाठीच शिकवले गेले. ज्याला ना परीक्षा द्यायची आहे, ना नोकरी करायची आहे, त्याला शिकण्याचे दुसरे रूप दिसू शकते. २४ पैकी ६ हालचाली येत असतील, तर त्या ६ हालचाली करताना तो पूर्णपणे तिथे असतो. उरलेल्या १८ आल्या नाहीत म्हणून आजची सकाळ अपुरी ठरत नाही.

दुसरी अडचण लाजेची. आयुष्यभर ज्यांनी घर चालवले, शेती-वाडी पाहिली, चार लोकांना सल्ला दिला, त्यांना पंचविशीतल्या शिक्षकाने ‘उजवा नाही, डावा पाय’ असे सांगावे हे जड जाते. प्लेटोच्या ‘युथिडेमस’ या संवादात सॉक्रेटिस उतारवयात मुलांच्या बरोबरीने बसून वीणेसारखे वाद्य शिकतो, तेव्हा मुले त्याला आणि त्याच्या शिक्षकालाही हसतात. सॉक्रेटिसला त्याचे काही वाटत नाही, त्याला काळजी वाटते ती शिक्षकाची! नम्रतेवर आपण अनेक प्रवचने ऐकतो. सर्वांसमोर डावा-उजवा चुकणे आणि पुन्हा उभे राहणे हा नम्रतेचा प्रत्यक्ष पाठ आहे. वृद्ध माणूस पुन्हा कसा जन्मू शकेल, असे निकदेमाने प्रभूला विचारले होते. प्रभूचे उत्तर अर्थातच आत्म्याच्या जन्माविषयी होते. तरीही जो नव्याने शिकायला तयार नाही, त्याला नवा जन्म मिळूनही तो ओळखता येईल का?

काहींच्या मनात आणखी एक शंका असते : हे आपल्या श्रद्धेत बसते का? ताई ची या नावातला ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती, असा समज आहे. चिनी भाषेत तो शब्द निराळा. या नावातल्या ‘ची’चा अर्थ परमोच्च टोक असा आहे. मात्र शिकवणारे कधी कधी प्राणशक्तीविषयीही बोलतात, हेही खरे. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. १९८९ साली व्हॅटिकनने ध्यानाविषयी बिशपांना पत्र लिहिले. इतर परंपरांतील पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून झिडकारू नयेत, पण शरीराला वाटणाऱ्या सुखद शांतीला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, असा विवेक त्यात सांगितला आहे. तेव्हा गुडघे, घोटे आणि श्वास यांसाठी ताई ची खुशाल करावी. प्रार्थनेची जागा तिला देऊ नये.

एक इशारा मात्र द्यायला हवा. व्यायामाचा बोलबाला वाढला, की आजारी माणसाकडे आपण दोषी म्हणून पाहू लागतो : ‘व्यायाम केला असता तर असे झाले नसते.’ हा अन्याय आहे. नियमित ताई ची करणाराही पडू शकतो आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीची किंमत बागेत एका पायावर उभ्या राहणाऱ्या आजीपेक्षा तसूभरही कमी नाही. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला सांगितले होते, की तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवे तिथे गेलास, म्हातारपणी दुसराच तुझी कंबर बांधून तुला नको तिथे नेईल. पेत्राला ते शब्द त्याच्या मरणाविषयी होते. पण परावलंबनाचा तो दिवस आपल्यापैकी बहुतेकांना येणार आहे. कोणतीही कला तो कायमचा टाळू शकत नाही. म्हणून ताई ची तरुणपण परत आणण्यासाठी शिकू नये. परमेश्वराने आज जे पाऊल दिले आहे, ते आज नीट टाकण्यासाठी शिकावी.

ज्येष्ठांनो, शिकायची इच्छा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, जाणकाराच्या देखरेखीखाली सुरुवात करा आणि जवळ धरायला एक भक्कम खुर्ची ठेवा. ताई ची जमणार नसेल तर दुसरे काही शिका. आणि मुला-सुनांनो, लेकी-जावयांनो, पुढच्या वेळी ते नेहमीचे वाक्य ओठांवर आले तर क्षणभर थांबा. ‘पडशील’ म्हणण्याऐवजी ‘चल, मी सोडायला येतो’ म्हणून पाहा.

आपला,
धर्मगुरू