बघे

हजेरी घेताना मास्तर नावं पुकारायचे नाहीत, नंबर पुकारायचे. सतरा नंबर जवळ आला की वर्ग एकदम शांत व्हायचा. तो मुलगा बोलताना अडखळायचा. ‘हजर’मधला ‘ह’ त्याच्या तोंडून तीन-चारदा निघायचा आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तो तितक्याच वेळा परत म्हणायचं. मग हशा. मास्तर फळ्याकडे तोंड फिरवायचे, त्यांचेही खांदे हलायचे. दिवाळीनंतर त्याने ‘हजर’ म्हणणं सोडलं आणि नुसता हात वर करायला लागला. त्याचाही हशा झाला. होळीच्या सुमारास सतरा नंबरला कुणीच उत्तर देईना. बापासोबत वावरात जातो, एवढंच पुढे कानावर आलं.

बुलडाणा जिल्ह्यातलं घाटावरचं एक गाव, चाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तिसऱ्या बाकावर होतो. त्याची नक्कल मी कधीच केली नाही, फक्त हसलो. त्यामुळे कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं की त्याची शाळा सुटण्यात माझा काही हात नव्हता.

ज्याला आज बुलिंग म्हणतात त्याला मराठीत शब्द नाही, असं म्हणायची पद्धत आहे. शब्द पुष्कळ आहेत. टिंगल, टवाळी, टर उडवणं, खोडी काढणं, दादागिरी, छळ. पण शाळेत रोज वापरला जातो तो ‘चिडवणं’. या शब्दाची घडणच पाहण्यासारखी आहे. चिडतो तो दुसरा, म्हणजे तो चिडला नाही तर काही घडलंच नाही! घरी तक्रार केली की हेच ऐकायला मिळायचं, “मजाक करून राह्यले पोट्टे, तू काऊन मनाला लावून घेतं?” मास्तरांना सांगितलं तर चुगलखोर, डोळ्यांत पाणी आलं तर रडूबाई. दोष सोसणाऱ्याच्या पातळ कातडीचा आणि औषध म्हणजे कातडी जाड करणं. पिढ्यानपिढ्या आपण एवढंच जाणत होतो. टोपणनावं रंगावरून पडायची, व्यंगावरून पडायची, बापाच्या धंद्यावरून आणि जातीवरून पडायची. ती पाडणाऱ्याला नव्हे, ती न सोसणाऱ्याला आपण शहाणपण शिकवत होतो.

घोळक्याने एकट्या माणसाला टोचून गप्प करणं शाळेच्या भिंतीआड तेवढं घडतं असं नाही. आमच्या बुलडाण्यातच त्याचं एक ठळक उदाहरण आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी होऊन जन्मठेपेवर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं. बुलडाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांना ते सहन झालं नाही. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. १८८२ साली ताराबाईंचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापून निघालं. बायकांवर ठेवले जाणारे दोष पुरुषांत किती आहेत, हे त्यांनी एकेक करून मोजून दाखवलं होतं.

पुस्तकाला युक्तिवादाने उत्तर देता आलं असतं. वाट्याला आली ती हेटाळणी. स्वतःला सुधारक म्हणवणारेही बिथरले. त्या वेळी जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू जाहीरपणे घेतली आणि आपल्याच चळवळीतल्या मंडळींना खडे बोल सुनावले. ताराबाईंचं त्यानंतर काही प्रसिद्ध झाल्याचं मात्र आढळत नाही. पुस्तकही विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं तेव्हा १९७५ साल उजाडलं होतं, म्हणजे मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली.

या गोष्टीत टवाळी करणारे आहेत आणि सोसणारी आहे. शिवाय ज्यांनी वाचलं, मनात काही वेगळं वाटलं असेलही, पण तोंड उघडलं नाही, असे असंख्य लोक आहेत. आणि तोंड उघडणारा एक माणूस आहे. शाळेतल्या छळाबद्दलचा जगाचा विचार याच चौघांभोवती फिरत आला, पण त्याची सुरुवात फार उशिरा झाली.

कावळे घुबडाला घेरतात तो देखावा आमच्याकडे कुणीही पाहिलेला असेल. दिवसाउजेडी बाभळीवर घुबड दिसलं की एक कावळा ओरडतो, मग दहा येतात, पाळीपाळीने झडप घालतात. पक्ष्यांच्या अशा हल्ल्याला अभ्यासकांनी वापरलेला शब्द पीटर-पॉल हाइनेमान या स्वीडनमधल्या डॉक्टरने १९६९ साली मुलांना लावला. त्याने दत्तक घेतलेला मुलगा काळ्या वर्णाचा होता आणि मुलांचा जथा त्याच्यावर कसा तुटून पडतो हे बापाने डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘मॉबिंग’ हा शब्द तिथे घरोघरी गेला. नाव मिळालं म्हणून गोष्ट दिसू लागली, हे मला महत्त्वाचं वाटतं. तोवर तिथेही ते ‘पोरांचं चालायचंच’ होतं.

डॅन ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाला जथ्याचा हा विचार पटला नाही. सगळा दोष जमावावर टाकला की पुढाकार घेणारा मोकळा सुटतो, असं त्याचं म्हणणं होतं. १९७० च्या दशकात त्याने शाळकरी मुलांचा अभ्यास केला आणि त्यातून व्याख्या उभी राहिली. मुद्दाम केलेला त्रास, पुन्हा पुन्हा, आणि दोघांच्या ताकदीत फरक. दोन बरोबरीच्या पोरांची मधल्या सुट्टीतली मारामारी यात बसत नाही. सतरा नंबरची रोजची हजेरी बसते. पण सरकार हललं ते पुढे, शेजारच्या नॉर्वेत. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात तीन मुलांनी जीव दिला, त्यामागे शाळेतला छळ होता असं समोर आलं आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. बेर्गेनच्या ४२ शाळांमध्ये ओल्वेउसने तिचा परिणाम तपासला, तेव्हा दोन वर्षांत छळाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं होतं. मधल्या सुट्टीत शिक्षक आवारात फिरत, वर्गात नियम मुलांसमवेत ठरत, पालकांना बोलावून बोललं जाई. यात न परवडणारं काहीच नव्हतं.

आपल्याकडे विचार आला तो कॉलेजच्या होस्टेलमधून, ‘रॅगिंग’ या शब्दासह. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा. मला त्याची व्याख्या फार मोलाची वाटते, कारण तिथे अंगाला झालेल्या इजेसोबत मनाची इजा, भीती, लाज आणि चिडवणंही आलं आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि तक्रार दाबणारा संस्थाप्रमुखही त्यात सापडतो. मुलगा चिडला हा त्याचा दोष नाही, हे कायद्यातून असं स्वच्छ दिसलं. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतली मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, पण त्या कलमाचा रोख छडी हातात असलेल्या मोठ्यांवर होता. शाळेत मुलाने मुलाला रोज थोडं थोडं टोचणं व्यवहारात या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत राहिलं. आणि खरं सांगायचं तर सातवीतल्या पोराला कैदेची भीती घालून काही साधतही नाही. तोही लेकरूच असतो, बहुतेक वेळा घरी कुणाचा तरी मार खाणारा.

मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमायला सांगितल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर समित्या, तक्रारपेट्या आणि सीसीटीव्ही यांची पुन्हा धावपळ झाली. आमच्या जिल्ह्याने तर २०१६ साली खामगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेतल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण सोसलं आहे. तो मोठ्यांनी केलेला गुन्हा होता, त्याची जात वेगळी. पण शाळेतल्या शाळेत सांगावं असं त्या लेकरांना कोण होतं, हा प्रश्न इथेही तोच आहे. तुमच्या शाळेतली तक्रारपेटी कुठे टांगली आहे ते एकदा जाऊन पाहा. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी असेल तर चिठ्ठी टाकणारा हात अख्ख्या शाळेला दिसतो.

छळाबद्दलच्या जगाच्या विचाराची पुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. फिनलंडच्या क्रिस्टीना साल्मिवाली यांनी १९९६ साली सहावीच्या वर्गांत पाहिलं की छळात जवळजवळ प्रत्येक मुलाची काही ना काही भूमिका असते. कुणी साथ देतो, कुणी हसून जोर चढवतो, कुणी लांब उभा राहतो, कुणी मध्ये पडतो. कॅनडातल्या टोरांटोमध्ये अभ्यासकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून हेच मोजलं. दहांतल्या जवळपास नऊ प्रसंगांना इतर मुलं हजर होती. त्यांनी मध्ये पडण्याचे प्रसंग दहांत जेमतेम दोन. पण कुणी मुलगा मध्ये पडला की निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! २००१ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. फिनलंडने २००९ पासून देशभर राबवलेल्या ‘किवा’ या कार्यक्रमाचा पायाच हा आहे की छळणाऱ्याला सुधारण्याच्या आधी त्याचे प्रेक्षक काढून घ्या.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द तयार आहे: बघे. अपघात झाला की जमणारे, भांडण लागलं की कडं करून उभे राहणारे. सतरा नंबरच्या वर्गात मी बघ्या होतो. हसणारा बघ्या. माझा हशा नसता, आमच्या चाळीस जणांचा हशा नसता, तर मागच्या बाकावरच्या त्या नकलेत काही गंमत उरली नसती. हे मला कळलं तेव्हा माझे केस पिकले होते.

मग फोन आला. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून स्मार्टफोन अशा घरांत पोचला, जिथे तोवर साधा फोनही बापाच्या खिशात असायचा. शाळा उघडल्या, फोन राहिला, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप राहिला. पूर्वी सतरा नंबरची सुटका निदान पाच वाजताच्या घंटेने व्हायची. आता छळ दप्तरातून घरी येतो आणि रात्री अंथरुणात उशाशी असतो.

माझ्या भाचीने मला तिच्या वर्गाचा ग्रुप दाखवला. स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या एका मुलीचा, तोंड वाकडं आलेला एक क्षण कुणीतरी कापून त्याचं स्टिकर केलं होतं. ती काहीही बोलली की ते स्टिकर पडायचं. ‘उद्या गणिताची वही आणायची का?’ स्टिकर. ‘बाईंना बरं नाही.’ स्टिकर. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी ग्रुपमधली माणसं मोजली, ५२. स्टिकर टाकणारे तिघं, हसणारे नऊ-दहा. राहिलेली जवळपास चाळीस मुलं गप्प होती. ग्रुपवर संदेश टाकणाऱ्याला तो कुणी कुणी पाहिला याची यादी दिसते. म्हणजे त्या मुलीला रोज नावानिशी दिसत होतं की कुणी पाहिलं आणि काही बोललं नाही. आमच्या वेळचे बघे निदान एका ओळीत बसलेले होते, त्यांचे चेहरे धूसर होते.

“मामा, मी काय करू? बोलले तर माझं स्टिकर बनेल,” भाची म्हणाली. तिची भीती खोटी नव्हती, म्हणून मी तिला शूरपणाचं भाषण दिलं नाही. दोन मैत्रिणींना विचार, एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिघींनी एकापाठोपाठ एक, ठरवून, एकच ओळ लिहिली, ‘हे बंद करा, आम्हाला आवडत नाही.’ तासभर कुणी काही टाकलं नाही. मग दोन मुलांनी अंगठा दाखवला. स्टिकर लगेच संपलं नाही, आठवडाभर अधूनमधून येत राहिलं, पण खाली हसणारं कुणी उरलं नाही आणि मग ते थांबलं. त्या मुलीने भाचीशी याबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त डबा खाताना शेजारी येऊन बसायला लागली.

प्रत्येक गोष्ट अशी तीन ओळींत मिटत नाही. धमकी असेल, नको ते छायाचित्र असेल, तर ते मोठ्यांचं काम आहे आणि लगेच करायचं आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा, ते इतरांना पाठवत सुटू नका, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर बोला, सायबर पोलिसांकडे तक्रार करा. आणि कृपा करून पहिल्या झटक्यात लेकराच्या हातातला फोन काढून घेऊ नका. ‘फोन बंद होईल’ या एका भीतीने मुलं महिनोनमहिने गप्प राहतात. चूक दुसऱ्याची आणि शिक्षा आपल्याला, असा त्याचा सरळ अर्थ त्यांना लागतो, आणि तो बरोबर असतो.

विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. नव्या वर्गात नवी मुलं येतात. घाटाखालून कुणी घाटावर येतं, कामासाठी बाहेर गेलेल्या कुटुंबाचं लेकरू वर्षाच्या मध्येच येऊन बसतं, कुणाची बोली वेगळी असते, कुणाच्या ओठांवर ‘ह’ अडतो. पहिल्याच आठवड्यात त्यांची नावं पडतात आणि दहावीपर्यंत टिकतात. शिक्षकांना माझी विनंती याच आठवड्यासाठी आहे. नियम लिहायचे तर तेव्हा लिहा, मुलांकडून लिहून घ्या, आणि वर्ग हसला की फळ्याकडे वळू नका.

आणि घरी जेवताना मुलांना एक विचारा. ‘तुला कुणी चिडवतं का?’ असं नको. त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ येतं. ‘तुमच्या वर्गात कुणाला चिडवतात?’ असं विचारा. नाव येईल. नाव आलं की ‘मग तू काय केलंस?’ हे त्या रात्री विचारू नका. ऐकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच नावाची चौकशी करा.