शिळ्या सणाचं देणं

२०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा होता, गांधी जयंती होती आणि बेने इस्रायल घरांत कप्पूरचा कडक उपास होता. पंचांग चाळायची सवय असलेल्याला यात नवल वाटणार नाही. यहुदी वर्षही चंद्रावर चालतं आणि सूर्याशी मेळ राखण्यासाठी १९ वर्षांत ७ अधिक महिने घेतं. त्यामुळे त्यांच्या तिश्री महिन्याची पहिली तिथी पुष्कळदा घटस्थापनेच्या आगेमागे पडते, दहावी, म्हणजे कप्पूर, दसऱ्याच्या आणि पंधरावी कोजागिरीच्या. २०२४ सालीही १२ ऑक्टोबरला दसरा आणि कप्पूर एकत्रच आले होते. आपला अधिक महिना आणि त्यांचा वेगवेगळ्या वर्षी आला की महिन्याची फारकत होते. २०२३ साली त्यांचं नवं वर्ष गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी लागलं. पण एरवी आपण सोनं लुटायला निघतो तेव्हा ते दार लावून बसलेले असतात. दार उघडतं दुसऱ्या दिवशी, आणि मला बोलायचं आहे ते त्या दुसऱ्या दिवसाबद्दल.

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, असं त्यांची परंपरा सांगते. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले, आणि गावांवरून केहीमकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर अशी आडनावं पडली. बाहेरच्या यहुदी जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला असताना त्यांनी जे सण सांभाळले त्यांची नावं मराठीच होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला. पुस्तक छापलं गेलं ते वारल्यानंतर, १९३७ मध्ये, तेही तेल अवीवला. त्यात हे सण नोंदलेले आहेत: वर्षाच्या पहिल्या दिवशी नव्याचा सण, चौथ्या दिवशी खिरीचा, दहाव्या दिवशी दारफळणीचा आणि अकराव्या दिवशी शिळा सण. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी आणि नंतर बगदादी यहुद्यांच्या सहवासाने रोश हशाना, कप्पूर ही नावं रुळवली, सुक्कोथचा मांडव आणला, आणि जुनी नावं आजीच्या तोंडी राहिली.

दारफळणीला पांढरे कपडे घालायचे. संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, बाहेरच्या कोणाशी संबंध नाही. गेलेले पूर्वज या वेळी घरी येतात आणि शिळ्या सणाला परततात, अशीही समजूत होती; नुकताच पितृपंधरवडा पाळलेल्या शेजाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसणार. आणि शिळ्या सणाला दारं उघडत, गोडधोड होई, लोक एकमेकांकडे जात आणि गोरगरिबांना दान दिलं जाई.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. यहुदी धर्मशास्त्रात पश्चात्ताप, प्रार्थना आणि दान ही कठोर निवाडा सौम्य करणारी तीन साधनं मानली आहेत. कप्पूर हा तर त्या निवाड्यावर शिक्का बसण्याचा दिवस. मग दान निकालाच्या आधी उरकायला हवं, आणि जगभरचे यहुदी ते तसंच, आदल्या दिवशी उरकतातही. बेने इस्रायलांनी मात्र निकाल लागल्यानंतरचाही एक दिवस देण्यासाठी राखला. आता त्या देण्यातून काही सुटत नाही, काही मिळत नाही. फक्त कालपर्यंत बंद असलेलं दार उघडलं आहे आणि दारात कोणी उभं आहे. याचं शास्त्रीय कारण कोणी मागितलं तर माझ्याजवळ साधा तर्क आहे. दार लावलेल्या दिवशी भिकाऱ्याला काही देता येत नाही, म्हणून त्याचं राहिलेलं दुसऱ्या दिवशी द्यायचं. त्याचा एक दिवसाचा हक्क आपल्या धर्मकृत्यामुळे बुडाला, तो भरून द्यायचा. तर्क चूक असेल, पण त्याशिवाय दुसरा मला सुचत नाही.

सिनेगॉगमध्येही देण्याची अशीच गंमत आहे. पवित्र दिवशी पैशाला हात लावायचा नाही, काही लिहायचंही नाही. तरी हेखालचं, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या कपाटाचं, दार उघडण्याचा मान, तोराची गुंडाळी हाती घेण्याचा मान, हे सगळे मान बेने इस्रायलांत लिलावाने जातात आणि बोली सणाच्या गर्दीत चढते. रक्कम तोंडी बोलायची, सगळ्यांनी ऐकायची आणि सण उलटल्यावर चुकती करायची. गणपतीच्या प्रसादाच्या नारळाचा लिलाव आपल्याला माहीत असतो. तिथे रोख मोजले जातात, इथे शब्द मोजला जातो. जुन्या काळी समाजाचा कारभार मुकादम, चौगुले आणि गब्बाई (खजिनदार) पाहत. मुकादम, चौगुला ही नावं सातारच्या कुठल्याही जुन्या गावाच्या दप्तरात सापडतील. दंड झाला तर तो समाजाच्या निधीत जमा होई. बोललेले पैसे बुडवणारा माणूस या व्यवस्थेत फार दिवस ताठ फिरू शकत नसे.

सातारा-सांगलीकडे या समाजाची मोठी वस्ती कधी नव्हती. पलटण, पोलीस, रेल्वे, टपाल, दवाखाने अशा नोकऱ्यांनी तो इलाखाभर पांगला. बदलीच्या गावी सिनेगॉग नसे आणि दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थना होत नाही. मग सणाला पुणं किंवा मुंबई. पुण्यात रास्ता पेठेतलं १९२१ चं सुक्कथ शेलोमो बेने इस्रायलांचं, आणि कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, बगदादी ससूनांचं. लाल देवळाच्या आवारात डेव्हिड ससून यांची कबर आहे. दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी ससून हॉस्पिटलच्या खाटेवर झोपलेलं असतं, पण ससून हे माणसाचं नाव होतं आणि तो माणूस यहुदी होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हे दान मोठं, त्याला नाव कोरलेलं आणि त्यामागे कापसाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूचा पैसा. हॉस्पिटलात बरा झालेला रोगी हा हिशेब मांडत नाही आणि त्याने मांडूही नये. पण दानावर लिहिणाऱ्याने तो मांडला पाहिजे. आपल्याकडे बाजार समित्यांचा कायदा येण्यापूर्वी आडतीवर शेतकऱ्याच्या पट्टीतून ‘धर्मादाय’ कापला जाई. धर्मशाळेवर पाटी लागे व्यापाऱ्याची, पैसे गेलेले असत शेंगा घेऊन आलेल्याचे. त्या मानाने अफू तरी उघड धंदा होता, असं एखादा खवचट माणूस म्हणेल.

तोराच्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीय ग्रंथाच्या २३ व्या अध्यायात, वर्षाच्या सणांची यादी आहे. वल्हांडण, सप्तकांचा सण असं करत ती शरदातल्या सणांकडे वळते, आणि वळणावर, सणांशी वरकरणी काही संबंध नसलेलं एक वाक्य येतं: पीक कापताना शेताचे कोपरे पुरते कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबाची आणि परक्याची. मला हे वाक्य यादीत चुकून शिरलेलं वाटत नाही. आमच्याकडे सुगी झाल्यावर बाया शेतात सरवा वेचायला येत, भुईमुगाच्या रानात तर पोरंठोरंही. शेतकरी बघून न बघितल्यासारखं करी. काही जण हाकलतही. इथे ती चाल होती, तिथे कायदा. चालीला मालकाची मर्जी लागते. ग्रंथात मालकाला विचारलेलंच नाही, कोपरा त्याचा नाहीच म्हटल्यावर तो देणार काय! पुढे तोराच्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तर सुक्कोथच्या आनंदाला कोणकोण असावं याची यादी दिली आहे, आणि तीत पोरका, विधवा, परका आणि घरचा दास आहे. एरवी आनंद ज्याचा त्याचा असतो, इथे त्याचीही हजेरी घेतली जाते.

बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन, म्हणजे रामबाम, या कैरोच्या वैद्याने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यात खाली कुरकुरत देणारा. वर चढत गेलं की मागितल्यावर देणारा, न मागता देणारा, मग देणाऱ्याला घेणारा कळू नये, घेणाऱ्याला देणारा कळू नये, अशा पायऱ्या. पदराच्या गाठीत नाणी बांधून ती पाठीवर टाकायची आणि मागून येणाऱ्याने न लाजता सोडून घ्यायची, हे जुन्या पंडितांचं उदाहरण त्याने दिलं आहे. सगळ्यात वरची पायरी मात्र गुप्तदानाची नाही. ती आहे उसने पैसे द्यायची, भागीदारी करायची, काम मिळवून द्यायची, म्हणजे पुन्हा कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

इथे सातारकराला भाऊराव पाटील आठवल्याशिवाय राहत नाहीत. मूळ गाव आताच्या सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक, कर्मभूमी सातारा. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. हिशेब केला तर तो दिवस कप्पूरचाही होता; भाऊरावांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी घरोघरी मूठमूठ धान्य गोळा केलं, वसतिगृह उभं केलं आणि पोरांना फुकट जेवू घालण्याऐवजी कमवा आणि शिका म्हटलं. पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र मोडलं गेलं, तेही पोरांच्या जेवणासाठीच. त्या घरात रामबामची खालची पायरी आणि वरची पायरी एकाच दिवशी चढावी लागत होती. वरच्या पायरीचं कौतुक करणारे हे विसरतात. रोजगार मिळेपर्यंत भाकरी लागतेच.

दुसरं उदाहरण औंधचं. खटावच्या कोरड्या माळावरचं हे छोटं संस्थान आज बहुतांशी सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत वाटलं गेलं आहे. औंध साताऱ्यात, आटपाडी सांगलीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जेकब बापूजी इस्राएल नावाचे बेने इस्रायल गृहस्थ कारभारी होते. पुढे समाजाच्या राजकारणातही ते होते. १९१७ च्या सुमारास दहा-बारा हजारांच्या या समाजात परिषद आणि लीग अशा दोन संस्था निघाल्या आणि दोघांची दोन मुखपत्रं. यावरून बेने इस्रायल अस्सल मराठी आहेत याविषयी शंका उरू नये.

वीस-बावीस वर्षांनी दुसरा यहुदी औंधला आला. मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेला, बंगळूरच्या विजेच्या कारखान्यात काम केलेला इंजिनिअर, पुढे भारतानंद या नावाने संन्यासी वेशात फिरणारा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्याशी त्याचं जुळलं. राजाने आपली सत्ता गावांना द्यावी, हे राजाच्या गळी उतरवण्यात फ्रीडमनचा मोठा वाटा होता. गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ च्या जानेवारीत औंधची घटना झाली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं गेलं. कैद्यांना भिंती नाहीत, बेड्या नाहीत. बायकापोरांसह राहायचं आणि जमीन कसायची. आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा सगळ्यांना माहीत आहे, फ्रीडमन कोणालाच नाही. तो यहुदी होता म्हणून त्याने हे केलं, असं म्हणणं ओढूनताणून होईल; तो रमण महर्षींकडे गेला, गांधींकडे गेला, शेवटी निसर्गदत्त महाराजांपाशी बसून त्यांची मराठी बोलणी इंग्रजीत नेली. पण खुन्याला दयेऐवजी वावर देणं ही रामबामची आठवी पायरीच आहे, कोणत्याही देवाच्या नावाने चढा.

भारतात २०११ च्या जनगणनेत यहुदी पाच हजारांच्याही आत होते. बहुतेक बेने इस्रायल १९४८ नंतर इस्राएलला गेले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर कोकणातल्या पुष्कळ सिनेगॉगांत दहा पुरुष जमणं अवघड झालं होतं. लोक गेले पण विश्वस्त निधी राहिले, अशी अवस्था त्यांच्याकडे आहे. आपल्याकडे नेमकं उलट आहे. लोक भरपूर, देणारेही भरपूर, पण देण्याला तिथी नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली बुडाली, पलूस-वाळव्याची गावं बुडाली. पंधरा दिवस ट्रकांची रांग होती. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, आणि कपडे इतके की त्यांचे ढीग रस्त्याकडेला सडले. ज्यांनी पाठवलं त्यांचा कळवळा खरा होता. परंतु पूर ऑगस्टमध्ये येतो आणि रब्बीची पेरणी ऑक्टोबरमध्ये. वाहून गेलेली म्हैस, बसलेली मोटर, खचलेली भिंत यांचा हिशेब गणपती उठल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा कॅमेरे निघून गेलेले असतात. पुरात देणारा पुराला उत्तर देत असतो. शिळ्या सणाला देणारा कशालाच उत्तर देत नाही. तो दिवस आला म्हणून देतो. पूर येवो न येवो, टीव्ही दाखवो न दाखवो, मागणाऱ्याला तारीख माहीत असते, त्यामुळे त्याला तोंड वेंगाडावं लागत नाही.

सांगली-साताऱ्यातल्या मंडळांकडे गणपतीची, नवरात्राची वर्गणी शिल्लक राहते. तिचं पुढच्या वर्षीच्या डॉल्बीशिवाय दुसरं काही करायचं असेल, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, शिलकीचा हिशेब चौकात वाचून त्यातला ठरलेला भाग बियाण्याला, मोटर-दुरुस्तीला, एखाद्या पोराच्या वसतिगृहाच्या फीला बिनव्याजी द्यायला काय हरकत आहे? आणि सिनेगॉगसारखी देण्याची बोलीही लावावी: रक्कम दसऱ्याला सगळ्यांसमोर बोलायची आणि दुसऱ्या दिवशी चुकती करायची. पहिल्या वर्षी दहा जण बोली बुडवतील. कोणी बुडवली ते मात्र सगळ्या गल्लीला माहीत असेल.