कुत्र्याच्या छत्रीचं माहात्म्य

पावसाळ्यात उकिरड्यावर जे उगवतं त्याला आपण कुत्र्याची छत्री म्हणतो. आजवर एकही कुत्रा ती धरून जाताना मला दिसलेला नाही. तिचीच जातभाई भाजीवाली पानावर वाटे लावून 'अळंबी' म्हणून विकते, तेव्हा मात्र आम्ही घासाघीस करून घेतो.

न्यूयॉर्कचे गॉर्डन वॉसन हे बँकेतले सज्जन गृहस्थ. १९२७ साली नव्या नवरीला घेऊन डोंगरात फिरायला गेले. नवरी रशियन. रानातल्या अळंब्या पाहून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिनं त्या रांधून खाल्ल्या. साहेबांनी हात लावला नाही. उद्या आपण विधुर होणार, अशी त्यांची खात्रीच होती. बाई जगल्या आणि साहेबांनाच अळंबीचा नाद लागला!

त्या नादापायी १९५५ साली ते मेक्सिकोतल्या वाउत्ला गावी मारिया साबिना नावाच्या वैदूबाईंच्या दारात पोचले. मारियाबाई रात्री अंधारात बसून अळंब्या जोडीजोडीनं खायच्या, गायच्या आणि रोग्याचं दुखणं काय ते त्यांनाच विचारायच्या. त्यांना त्या 'पवित्र बाळं' म्हणत. म्हणजे हा दवाखानाच. फक्त औषध आधी डॉक्टरनं घ्यायचं! (ही पद्धत आपल्याकडे आली तर निम्मी टॉनिकं बंद होतील.)

साहेबांना दुखत-खुपत काही नव्हतं. त्यांना बघायचं होतं. १९५७ साली त्यांनी 'लाइफ' साप्ताहिकात लेख लिहिला. बाईंचं नाव बदललं, पण असली गोष्ट लपते थोडीच? पुढच्या दशकात केसाळ तरुणांची रीघ लागली. कुणाला देव हवा, कुणाला नुसते रंग. पोलीस आले, गाव बाईंवरच उलटलं, त्यांचं घर जाळलं गेलं. परके आल्यापासून बाळांची शक्तीच गेली, असं त्या पुढे सांगत.

आपण लगेच म्हणतो, "व्यसनी मेले!" पण आमच्या नागपूरच्या मावशी महाशिवरात्रीला 'प्रसाद' म्हणून थंडाईची दोन भांडी घेतात आणि तीन वर्षं अबोला धरलेल्या जावेशी बोलतात. त्यांना कोण व्यसनी म्हणेल? केंद्राच्या १९८५ च्या कायद्यातही भांगेचं पान बसत नाही, अळंबीतलं सिलोसायबिन बसतं.

मग प्रसाद कुठला आणि नशा कुठली? कशासाठी घेतलं यापेक्षा कुणासाठी घेतलं हे विचारावं, असं मला वाटत होतं. पण त्या रांगेत एखादा पोरगा स्वतःचंच फाटलेलं मन घेऊन आला नसेल कशावरून? बाहेरून केस सगळ्यांचे सारखेच लांब. जुलै २०२३ पासून ऑस्ट्रेलियात परवाना असलेले मानसोपचारतज्ज्ञ, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर हेच सिलोसायबिन देऊ शकतात. शेजारी माणूस बसवून, संगीत लावून. मारियाबाईंचीच रीत, फक्त गाणं यंत्रातलं आणि बिल मोठं.

हॉफमन नावाचे स्विस रसायनशास्त्रज्ञ १९६२ साली हे द्रव्य गोळ्यांत भरून बाईंकडे घेऊन गेले होते. बाईंनी गोळ्या घेतल्या, रात्र जागवली आणि निरोप देताना म्हणाल्या की गुण तोच आहे. त्यांना आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. अळंबी उगवत नाही त्या महिन्यांतही आता आजाऱ्यांना परत पाठवावं लागणार नव्हतं.